नाशिकच्या सराफ बाजारातलं टाकांचं दुकान: घरचे देव करून घ्यायचे असतील तर इथेच जा

टाक (देवाची प्रतिमा उठवलेला धातूचा छोटा पत्रा) करून घ्यायचे असतील किंवा घरातले जुने देव उजळून घ्यायचे असतील आणि तुम्ही नाशिक किंवा आसपास राहत असाल तर सराफ बाजाराच्या आतल्या गल्लीतलं हे दुकान डोळे झाकून गाठा. दुकान एकदम चिंचोळं आहे, पुढे एक काचेचं कपाट, मागे भट्टी आणि ऐरण, एका वेळी तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने रस्त्यावर थांबायचं. शोरूम वगैरे बघायची सवय असेल तर पहिल्यांदा वाटेल की इथे काय मिळणार. पण टाक ह्या एका गोष्टीत इतकं जाणतं दुकान मी तरी दुसरं बघितलेलं नाही, आणि त्याचं कारण फक्त हातातली कला नाहीये, तिथल्या म्हाताऱ्या कारागीर बाबांना आपल्यासारख्या घरात 'देव' म्हणजे नेमकं कोण हे पक्कं माहितीये, म्हणून हा एवढा लांबलचक रिव्ह्यू.

आता ज्यांच्या घरात टाक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. देव म्हटलं की मंदिरातला देव, आकाशातला देव, 'देवा रे' म्हणतो तो देव, हे सगळं आहेच. पण आमच्याकडे (आणि महाराष्ट्रात लाखो घरांत) 'देव' हा शब्द दिवसभर जो वापरला जातो तो देव्हाऱ्यातल्या त्या चांदीच्या दोन-अडीच इंची टाकांसाठी. देव घासायला काढलेत, देव पुसून ठेव, देव बसले, देव उठले, देवांना जेजुरीला भेटीला न्यायचंय, देव थोरल्याकडे आहेत. ह्यातल्या एकाही वाक्यात आकाशातला कुणी नाही, सगळे ताम्हणात मावणारे आहेत. नवरात्रात घटस्थापनेला टाक विड्याच्या पानावर ठेवतात आणि मग दसऱ्यापर्यंत जागचे हलवत नाहीत, ते 'देव बसले'. खंडोबाचं षड्रात्र असतं मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत, तेव्हा परत देव बसतात. कुणी काळजीत असला की 'देव पाण्यात घालून बसलाय' म्हणतो ना, तिथेही पाण्यात जातात ते हेच देव्हाऱ्यातले देव. आणि भाऊ वेगळे झाले की जमीन, भांडीकुंडी सगळं वाटलं जातं पण देव वाटत नाहीत, ते थोरल्याच्या घरी राहतात आणि धाकट्याने आपले नवीन देव करून घ्यायचे. 'देव करून घ्यायचे' हे वाक्य बाहेरच्या माणसाला जरा चमत्कारिक वाटेल, देव कुणी करतं का, पण आपल्याकडे ते अगदी रोजच्या बोलण्यातलं आहे.

आमचं तेच होतं. आम्ही धाकटे. गावाकडे निफाडच्या बाजूला देव थोरल्या दिरांकडे, आणि नाशिकला घर घेतल्यापासून सासूबाईंचं टुमणं चालू होतं की आता तुमचे देव करा, नुसत्या फोटोंना किती दिवस हात जोडणार.

आधी आम्ही एका मोठ्या चकाचक दुकानात गेलो होतो, नाव नाही घेत. तिथे काउंटरवरच्या मुलाने विचारलं की किती पीसचा सेट हवाय, पाच पीसचा की सात. पाच पीस! सासूबाईंचा चेहराच उतरला. आणि त्या सेटमधे एक घोडेस्वार, एक देवी, एक गणपती, एक लक्ष्मी आणि एक नाग असं काहीतरी होतं, घोड्यावर कोण आहे विचारलं तर म्हणे कुलदैवत. कुणाचं कुलदैवत? तर म्हणे सगळ्यांना चालतं. ऑनलाइनही असे सेट ढिगाने मिळतात, त्यातले बरेच जर्मन सिल्व्हरचे असतात, आणि जर्मन सिल्व्हरमधे नावापुरतीसुद्धा चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त ह्यांचा तो मिश्रधातू. नुसती शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही पण देव म्हणून देव्हाऱ्यात ठेवायचं तर आपण कुणाला बसवतोय हे तरी माहीत पाहिजे की नाही.

ह्या दुकानात बाबांनी (सत्तरी पार केलेले असतील, सगळे त्यांना बाबाच म्हणतात, मुलगा आणि नातू हाताखाली असतात) आधी काहीच दाखवलं नाही. सासूबाईंना स्टूल दिलं आणि विचारायला सुरुवात केली, आई, मूळ गाव कोणतं? खंडोबा कुठला, जेजुरीचा की दुसरा कुठला? देवी कोणती? वणीची, असं सासूबाई म्हणाल्या, तर कपाटातून काढलेली एक देवी त्यांनी लगेच बाजूला ठेवून दिली. म्हणाले, ही तुमची नव्हे, ही तुळजापूरची, हिला आठ हात, तुमच्या सप्तशृंगीला अठरा. आणि मग एक ठसा काढून भिंगाखाली आम्हाला मोजायला लावलं, एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला नऊ, प्रत्येक हातात काहीतरी आयुध, आणि मान किंचित एका बाजूला कललेली. गडावर गेलेल्यांना माहितीये की देवीची मान तशीच आहे, समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सप्तशती वाचतात आणि देवी कान देऊन ऐकते असं सांगतात. एवढ्याशा ठशात कुणीतरी ती मान सुद्धा कललेली ठेवली होती! सासूबाईंनी तिथेच हात जोडले, ठसाच होता तो, अजून टाकही नव्हता.

मग त्यांनी बाकीच्या देव्या कशा ओळखायच्या तेही दाखवलं, कोल्हापूरची अंबाबाई चार हातांची, एका हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), माहूरच्या रेणुकेचा नुसता मुखवटा. घोडेस्वारांचं तर लोक फारच गोंधळ करतात म्हणे. खंडोबा घोड्यावर, जोतिबाही घोड्यावर, भैरवनाथही घोड्यावर. त्यांची खूण सोपी आहे, सोबत म्हाळसा असेल आणि खाली कुत्रा असेल तर खंडोबा. घोड्याच्या पायाशी मणी आणि मल्ल हे दैत्य असतात पण लहान टाकात ते उठत नाहीत, म्हणून आधी म्हाळसा बघा. तुमच्या घरात टाक असतील तर आत्ता जाऊन बघून या, खरंच.

नंतर त्यांनी विचारलं, वीर आहे का घरात? हा प्रश्न त्या मोठ्या दुकानात कुणाच्या डोक्यातही आला नसता. वीर म्हणजे घराण्यातला पूर्वज, लढाईत किंवा अकाली गेलेला, त्याचाही टाक करतात आणि तो देवांच्या रांगेत बसतो. नाशिककरांना वीर नवीन नाहीत, धुळवडीच्या दिवशी घरोघरचे वीर वाजत गाजत गोदावरीवर नेतात, दाजीबा वीराची मिरवणूक तर बघायला लोक लांबून येतात. सासूबाई म्हणाल्या की आहे, सासऱ्यांच्या चुलत्यांपैकी एक, नाव मात्र आता कुणाला धड सांगता येत नाही. बाबा म्हणाले की नाव नसलं तरी चालेल, घोडा होता की नव्हता ते आठवतं का, जुन्या टाकावर काय आहे? मग दिरांना फोन, पुतण्याने व्हॉट्सॲपवर देव्हाऱ्याचा फोटो पाठवला, झूम करून बघितलं तर पायी उभा, हातात तलवार ढाल. तसाच केला. म्हणजे ज्याचं नाव विसरलं गेलंय त्याची उभं राहण्याची पद्धत तेवढी जशीच्या तशी पुढच्या घरात आली. मला हे फार मोलाचं वाटलं. आपण 'देव' ह्या एका शब्दात खंडोबा, भवानी आणि घरातला एक हरवलेला पोरगा अशा सगळ्यांना एकत्र बसवतो, आणि हे ज्याला कळतं त्याच्याच हाताने ते काम झालं पाहिजे.

बनवताना बघू देतात, हा मोठा प्लस पॉइंट. जुन्या पद्धतीचे ओतीव ठसे आहेत त्यांच्याकडे, काही त्यांच्या आजोबांच्या वेळचे. चांदीचा पातळ पत्रा आधी ज्योतीवर लाल करून घेतात म्हणजे मऊ पडतो, मग ठशावर ठेवून वर शिशाचा तुकडा आणि त्यावर हातोडी. चांदी ठोकून ठोकून कडक होते, तशीच पुढे ठोकत राहिलं तर चिरते, म्हणून मधे परत तापवायची, परत ठोकायची, असं चालू राहतं. घोड्याचा पाय, म्हाळसेचा चेहरा हे नीट उमटायला बराच वेळ लागतो, आणि ठशातून निघाल्यावर डोळे, नाक, लगाम हे बारीक छिन्नीने हाताने उठवतात. नातू ते करत होता तेव्हा बाबा काही बोलत नव्हते, फक्त मधेच एकदा म्हणाले, डोळा खाली गेला बघ, आणि खरंच केसभर खाली गेला होता, तो पत्रा तसाच मुशीत परत गेला. मशीनवर दाबलेले टाक एकाच वेळी शंभर निघतात पण त्यात सगळ्यांचे डोळे बंद असल्यासारखे दिसतात, शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे कळेल.

पाठीमागे तांब्याचा पत्रा देतात, टाकणखार लावून डाक देऊन (म्हणजे झाळून) पक्का करतात आणि कडा कानशीने घासतात. स्वस्त टाकांना मागे काहीच नसतं, रोज घासताना अंगठ्याने दाबले जाऊन देवाच्या तोंडावरच खळगा पडतो. हे विचारूनच घ्या कुठेही घेतलात तरी.

त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं आहे. नवीन करत असतात तेव्हा ते त्याला टाक म्हणतात. खंडोबाचा टाक झाला, देवीचा टाक राहिलाय. पण कुणी घरातले जुने उजळायला घेऊन आलं की लगेच 'देव आले', 'देव इकडे ठेव', 'देवांना धक्का नको लागू देऊ'. चांदी तीच, ठसाही कदाचित तोच, पण एक अजून कुणाच्या घरी बसलेला नाही आणि एक पिढ्यान्पिढ्या बसलेला आहे. मी विचारलं तर म्हणाले, आम्ही टाक करतो ताई, देव तुम्ही करता, घरी न्या, अभिषेक करा, बसवा, मग ते देव. मुलगा, नातू, झाडलोट करणारा पोऱ्या, सगळ्यांच्या तोंडात हेच बसलंय. नग, पीस, माल असले शब्द ह्या दुकानात मी ऐकलेच नाहीत.

उजळायच्या कामाबद्दलही सांगते कारण नंतर जाऊबाईंनी गावचे देव इथेच आणले. गावाहून निघताना देव्हाऱ्यात देवांच्या जागी सुपाऱ्या ठेवल्या, देवांना सांगितलं की चार दिवस बाहेर जायचंय, मग लाल फडक्यात बांधून आणले, आमच्याकडे तशीच रीत आहे. दुकानातही पाटावर लाल कापड टाकूनच उतरवून घेतले. एकेक देव तोलून वजन वहीत लिहिलं, परत देताना परत तोलून दाखवलं. रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने कुंकवाची पुटं काढली, खाचांत किती वर्षांची हळद बसलेली होती कुणास ठाऊक, ती निघाल्यावर खंडोबाच्या हातातली तलवार दिसायला लागली जी जाऊबाईंनी लग्न होऊन आल्यापासून बघितलीच नव्हती. म्हाळसेचा चेहरा मात्र झिजून सपाट झालाय. तिथे दुसरा कुणी म्हणाला असता की हा बदला, नवीन घ्या. बाबा म्हणाले, झिजला म्हणजे भंगला नाही, हे हातांनी झिजलंय, राहू द्या. एका देवाला मात्र आरपार चीर गेली होती, तो बदलावा लागेल म्हणाले, आणि जुन्याचं काय करायचं तर दोन्ही रीती सांगितल्या, काही घरांत नदीत विसर्जन करतात, काही घरांत तीच चांदी आटवून नव्या टाकात घालतात, तुमच्या घरात मोठ्यांना विचारून सांगा. दिरांनी आटवायला सांगितली, तर सगळ्यांसमोर वेगळ्या मुशीत आटवली आणि त्याच घराच्या टाकात घातली, दुसऱ्या कुणाची चांदी त्यात मिसळली नाही. मोडीत घेऊ का असं एका शब्दाने विचारलं नाही.

पैशाचं बोलायचं तर चांदी त्या दिवशीच्या भावाने, मजुरी वेगळी आणि वर ३ टक्के जीएसटी, पक्कं बिल मिळतं. बिलावर चांदीचं वजन आणि तांब्याचं वजन वेगवेगळं लिहितात, हे फार महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी मागचा पत्रा किंवा आत भरलेली लाखसुद्धा चांदीच्या भावात तोलली जाते. इथे लाख भरतच नाहीत. शुद्धता विचारली तर आधीच सांगतात, मऊ काम असेल तर जास्त शुद्ध चांदी घेतात, रोज हाताळायच्या टाकाला ९२५ बरी म्हणतात, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी तांबं, त्याने जरा टणकपणा येतो. चांदीला अजून सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती नाही त्यामुळे माणूस बघूनच विश्वास ठेवावा लागतो, तो इथे ठेवायला हरकत नाही. मजुरी बाजारातल्या तयार टाकांपेक्षा बऱ्यापैकी जास्त आहे, घासाघीस केली तर बाबा नुसते हसतात आणि कमी काही करत नाहीत. मला ती जास्त वाटली नाही, एका टाकाला किती वेळ जातो ते समोर बसून बघितलंय.

तक्रारी आहेत, त्या पण लिहिते. दिलेली तारीख पाळत नाहीत. आमचे टाक सांगितल्यापेक्षा बरेच उशिरा मिळाले आणि मुहूर्त पुढे ढकलावा लागला, गुरुजींना परत फोन करायला कसंतरी वाटलं. फोन उचलत नाहीत, उचलला तर भट्टीच्या आवाजात काही ऐकू येत नाही, प्रत्यक्षच जावं लागतं. घटस्थापनेच्या आधीचा महिना तर अजिबात जाऊ नका, सगळ्या जिल्ह्याचे देव उजळायला आलेले असतात. पार्किंगचं नाव काढू नका, गाडी रविवार कारंजाच्या अलीकडेच कुठेतरी लावा आणि मेनरोडने चालत या, म्हाताऱ्या माणसांना घेऊन येणार असाल तर रिक्षाच बरी. पावसाळ्यात गोदावरीला पूर असला की ह्या भागात पाणी शिरतं, बातम्या बघून निघा. आणि पितळेच्या टाकांचं काम हल्ली घेत नाहीत, त्यासाठी भांडी बाजारात पाठवतात, हे मला पटलं नाही, सगळ्यांना चांदी परवडते असं थोडीच आहे, खंडोबा पितळेचा असला तरी खंडोबाच.

टाक घेताना त्यांनी जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगाला येईल. रोज पावडर लावून घासू नका, चांदी त्यानेच झिजते, साध्या पाण्याने धुवून मऊ फडक्याने टिपून घ्या. काळे पडले तर घाबरू नका, हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडतेच, सणावाराला रिठ्याच्या पाण्यात घाला. ओलं कुंकू टाकाच्या खाचांत सुकू देऊ नका, दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी आधी ते काढा आणि मग नवीन लावा.

आणि जायच्या आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बसवून नीट विचारून घ्या, खंडोबा कुठला, देवी कुठली, वीर किती, मुंजा (मुंज झाल्यावर लग्नाआधी गेलेला मुलगा) आहे का, कुणाची पहिली बायको सवाष्ण गेलेली आहे का जिचा टाक करावा लागेल. गावाकडे जुने टाक असतील तर दोन्ही बाजूंनी उजेडात फोटो काढून न्या, मागच्या बाजूलाही कधी कधी खूण किंवा नाव कोरलेलं असतं. हे हातात नसेल तर बाबा ऑर्डर घेत नाहीत, विचारून या म्हणून परत पाठवतात, माझ्या समोर एका जोडप्याला पाठवलं. त्यांना राग आला होता, तुम्ही येऊ देऊ नका.